उजेड दिसतो, उजेड धरणारा दिसत नाही

घरात एखाद्या जुन्या वरातीचा फोटो असेल तर तो आज पेटीतून बाहेर काढून पाहा. त्यात घोड्यावरचा नवरदेव दिसेल, बँडवाल्याचा चकाकता कर्णा दिसेल, नटूनथटून चाललेल्या मामा-मावश्या दिसतील. कडेला एक मोठा पांढरा डाग दिसेल. तो डाग म्हणजे गॅसबत्ती. ती बत्ती डोक्यावर घेऊन रात्रभर चालणारी बाई मात्र त्या फोटोत शोधूनही सापडणार नाही. आमच्या वस्तीतल्या कितीतरी आयाबहिणींनी लग्नसराईत डोक्यावर चुंबळ ठेवून अशा बत्त्या वाहिल्या. पुढे गॅसबत्त्या गेल्या आणि जनरेटरच्या गाडीला वायरने जोडलेली विजेची झुंबरे आली. ओझे बदलले, डोके तेच राहिले. सगळ्या वरातीवर ज्यांनी उजेड पाडला, त्यांचा स्वतःचा फोटो कोणाच्याच अल्बममध्ये नाही.

ही गोष्ट आम्हाला आठवली ती मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर, अंधारात, हातात बॅटरी घेऊन उभे असताना. आमच्या अभ्यासिकेची नऊ मुले घेऊन आम्ही तिथे गेलो होतो. पाड्यावरच्या मुलांना आणि आमच्या मुलांना एकत्र बसवून उजेडाने चित्र कसे काढतात ते दाखवायचे, एवढाच बेत होता. तिथे सहावीतल्या एका मुलीने एक प्रश्न विचारला. त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता हा लेख झाला आहे.

कॅमेऱ्याची रोजकीर्द

उजेडाचे चित्र म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ. फोटोवाले याला लाइट पेंटिंग म्हणतात. भर उन्हात फोटो काढताना कॅमेऱ्याचे शटर सेकंदाच्या शंभराव्या भागाइतकेच उघडते आणि मिटते. रात्री तेच शटर पंधरा सेकंद, तीस सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ उघडे ठेवता येते. मधल्या वेळात समोर जो जो उजेड येईल, तो तो कॅमेरा लिहून घेतो.

आम्ही कॉमर्सचे, त्यामुळे ही गोष्ट आम्हाला हिशेबाच्या भाषेत लवकर कळली. कॅमेऱ्याच्या वहीला फक्त जमेची बाजू असते. पहिल्या सेकंदाला डाव्या कोपऱ्यात दिवा दिसला, तो जमा. पाचव्या सेकंदाला तो मध्यावर आला, तोही जमा. दिवा पुढे गेला म्हणून आधीची रक्कम वजा होत नाही, आणि अंधार कोणाच्या नावे पडत नाही. तीस सेकंदांनी शटर मिटले की सगळी बेरीज एकाच पानावर उतरते. म्हणून फिरणारी बॅटरी फोटोत ठिपका न दिसता सलग रेघ दिसते. हवेत वर्तुळ काढले तर वर्तुळ उमटते, ‘अ’ काढला तर ‘अ’ उमटतो.

मग बॅटरी धरणारा माणूस कुठे जातो? तो तिथेच असतो. पण त्याच्या अंगावर उजेड नसतो आणि तो एका जागी थांबत नाही. प्रत्येक जागेवर त्याच्या खात्यात इतकी किरकोळ रक्कम पडते की बेरजेत ती दिसतच नाही. दिवा उरतो, माणूस पुसला जातो.

फोटोतला पहिला माणूस

हा नियम फोटोच्या जन्मापासूनचा आहे. फ्रान्समधला लुई दागेर हा फोटोकलेच्या आद्य संशोधकांपैकी एक. १८३८ साली त्याने पॅरिसमधल्या आपल्या खिडकीतून खालच्या हमरस्त्याचे चित्र घेतले. रस्ता गजबजलेला होता. घोडागाड्या धावत होत्या, माणसे येत-जात होती. पण तेव्हाच्या चांदीच्या पत्र्यावर चित्र उमटायला काही मिनिटे लागत. त्या मिनिटांत जो जो चालत होता तो तो पुसला गेला. फोटोत रस्ता ओस पडलेला दिसतो.

फक्त डाव्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात, एक माणूस दिसतो. तो बुटांना पॉलिश करून घेण्यासाठी एक पाय वर ठेवून थांबला होता. त्याच्या पायाशी पॉलिशवाला वाकलेला आहे. माणूस दिसत असलेला, आज माहीत असलेला पहिला फोटो म्हणून हाच सांगितला जातो. दोघांचीही नावे कोणाला ठाऊक नाहीत. पण त्या दोघांत एक फरक आहे, तो वाचकांनी ध्यानात ठेवावा. ज्याचे बूट पुसले जात होते तो स्थिर होता, म्हणून त्याची आकृती बरीच स्पष्ट आली. जो पुसत होता त्याचे हात चालू होते, म्हणून तो धूसर आला.

दागेरने कोणाला जाणूनबुजून वगळले नव्हते. यंत्राचा नियमच तसा होता. जो थांबू शकतो तो दिसतो. ज्याला काम करत राहावे लागते तो पुसट होतो. कातड्याशी आणि बुटांशी ज्यांच्या पिढ्यान्पिढ्या गेल्या, त्या समाजाच्या माणसाला हे वाचून काय वाटते ते वेगळे सांगायला नको.

बोटाला बांधलेला दिवा

दिव्याची रेघ उमटते हे कळल्यावर तिचा उपयोग पहिल्यांदा केला तो चित्रकारांनी नव्हे, माणसाची हालचाल मोजणाऱ्यांनी. १८८९ साली फ्रान्समध्ये एतिएन-ज्यूल मारे आणि त्यांचे सहकारी जॉर्ज देमेनी यांनी माणसाच्या सांध्यांना छोटे विजेचे दिवे बांधून त्याला अंधारात चालवले. चालण्यातला दोष फोटोत रेघांनी उमटला. उजेडाचे हे पहिले चित्र मानले जाते.

पुढची गोष्ट कामगारांच्या घरात सांगण्यासारखी आहे. अमेरिकेतला फ्रँक गिलब्रेथ हा मूळचा गवंडी. १८८५ साली तो वीटकामावर उमेदवार म्हणून लागला. एक वीट बसवायला गवंडी अठरा हालचाली करतो, असे पुढे त्याने मोजले, आणि त्या पाचांवर आणून दाखवल्या. विटा आणि माल कमरेच्या उंचीवर राहतील अशी वरखाली करता येणारी परांची त्याने बनवली, म्हणजे प्रत्येक विटेला वाकणे नको. जिथे माणशी ताशी १२० विटा बसत, तिथे ३५० बसू लागल्या.

नंतर १९१०च्या दशकात गिलब्रेथ आणि त्याची पत्नी लिलियन यांनी कामगारांच्या बोटाला छोटा दिवा बांधून, शटर उघडे ठेवून फोटो घ्यायला सुरुवात केली. हात कुठून कुठे गेला, किती फेरे उगाच झाले, ते सगळे पांढऱ्या रेघेने दिसे. दिवा ठरावीक वेळाने उघडझाप करणारा ठेवला की रेघ तुटक येई आणि तुकडे मोजून वेळही काढता येई. त्या रेघांवरून त्यांनी तारेचे नमुने वाकवले आणि ते कामगारांपुढे ठेवले.

या कामाच्या दोन्ही बाजू सांगितल्या पाहिजेत. गवंड्याचे वाकणे वाचले, आणि कामगाराचा थकवा कसा कमी करावा यावर या पतिपत्नींनी १९१६ साली एक पुस्तकही लिहिले. हे त्यांच्या जमेला धरू. पण ते फोटो पाहिले तर त्यात रेघ लख्ख आहे आणि माणूस बहुधा धूसर आहे. हाताचा हिशेब कागदावर राहिला. तो हात कोणाचा होता, ते राहिले नाही.

विटांचाच विषय निघाला आहे, तर आता मोखाड्याला येऊ.

दिवाळीनंतर ओस पडणारे पाडे

जव्हार आणि मोखाडा हे पूर्वी ठाणे जिल्ह्याचे तालुके; १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आले. जव्हार हे मुकणे राजांच्या संस्थानाचे गाव, समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार फूट उंच. तिथून पुढे मोखाडा, खोडाळा, सूर्यमाळ असा डोंगराळ मुलूख लागतो. वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी अशी आदिवासी वस्ती. भात, नागली, वरई ही पावसावरची पिके. पीक घरात आले की शेतात काम उरत नाही. मग दिवाळीनंतर भांडीकुंडी, कोंबड्या आणि लेकरे घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. होळीला गावी येतात, पुन्हा जातात, आणि पावसाच्या तोंडावर परततात. मुंबई-ठाण्याच्या इमारती ज्या विटांच्या आहेत, त्यांतल्या कितीतरी याच हातांनी थापल्या आहेत.

आम्ही गेलो ते वैशाख अमावास्येच्या मागेपुढे. उजेडाच्या चित्राला काळोख हवा, आणि भट्टीवरची माणसेही तेव्हाच घरी सापडतात. आमची मुले शहरातली, त्यांनी खरा अंधार पाहिलाच नव्हता. पाड्यामागच्या माळावर पोचल्यावर त्यांतली दोन आमचा सदरा धरून चालू लागली. पाड्यावरची मुले मात्र घरच्या ओसरीवर फिरावे तशी त्या काळोखात वावरत होती. तारे इतके होते की आमच्या एका मुलाने विचारले, “हे रोज असतात का?”

मित्राकडून उसना आणलेला कॅमेरा होता, पण तिकाटण्याचा एक पाय वाटेतच तुटला. पाड्यावरच्या एका बाप्याने चार विटा आणून रचल्या आणि त्यावर कॅमेरा पक्का बसवून दिला. हाताला सवय असल्याने विटा एका ओळंब्यात बसल्या. सुरुवातीला आम्ही कॅमेरा उत्तरेकडे तोंड करून चार मिनिटे उघडा ठेवला. पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते, त्यामुळे प्रत्येक ताऱ्याची बारीकशी रेघ उमटली. ध्रुवतारा मात्र जवळजवळ ठिपकाच राहिला. या भागात तो उत्तर क्षितिजापासून सुमारे वीस अंशांवर असतो. हात लांब करून एकावर एक दोन मुठी धरल्या की दुसऱ्या मुठीच्या वर तो सापडतो. मुलांनी ते लगेच करून पाहिले.

मग बॅटऱ्या बाहेर निघाल्या. पहिले पाच-सहा फोटो वाया गेले. एकदा कॅमेऱ्याला धक्का लागला, एकदा खालच्या रस्त्यावरून मोटारसायकल गेली आणि सगळा फोटो पांढरा झाला. सातव्या खेपेला पाड्यावरच्या मुलांनी आम्हाला न विचारताच फेर धरला. एक जण मध्ये तारपा वाजवल्यासारखा वाकून उभा राहिला आणि बाकीची हातात बॅटऱ्या घेऊन त्याच्याभोवती गोल फिरू लागली. तीस सेकंदांनी पडद्यावर पाहतो तो काय! वारली चित्रात तारप्याचा जो वळत वळत जाणारा फेर असतो, तसाच फेर माळावर उमटला होता. गेरूच्या गडद भिंतीवर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ, आणि काळ्या रात्रीवर बॅटरीची पांढरी रेघ. ही चित्रे मूळची लग्नघरातल्या भिंतीवरची, बायकांच्या हातची. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ती कागदावर आणून जगापुढे नेली आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ज्या मुलांच्या घरात ती रेघ आहे, त्यांना उजेडाची रेघ आम्ही काय शिकवणार!

दोरीला टांगलेली अक्षरे

त्यानंतर प्रत्येकाला आपापले नाव लिहायचे होते. इथे दोन अडचणी आल्या. पहिली म्हणजे हवेत लिहिलेले दिसत नाही. त्यामुळे एक अक्षर वर जाई, दुसरे गुडघ्याशी येई आणि शेवटी काढलेली शिरोरेघ अक्षरांच्या पोटातून जाई. त्यावर पाड्यावरच्या मुलांनी उपाय काढला. कपडे वाळत घालायची काळी दोरी दोन झाडांना बांधली, हात उंच केल्यावर जेमतेम पोचेल इतकी वर. “हीच शिरोरेघ,” त्यांनी सांगितले. त्या दोरीला बोट लावत अक्षरे टांगायची. नावे सरळ रेषेत येऊ लागली.

दुसरी अडचण अशी की कॅमेऱ्याकडे तोंड करून लिहिले तर फोटोत नाव उलटे येते, आरशात यावे तसे. मॅन रे नावाच्या कलावंताने १९३५ साली अशाच उजेडाच्या रेघांत आपली सही करून ठेवली होती. लोकांना त्या नुसत्या गोल गोल रेघा वाटत. २००९ साली एलन कॅरी या छायाचित्रकार बाईंनी त्या फोटोला आरसा लावला तेव्हा ती सही वाचता आली. म्हणजे माणसाचे नाव डोळ्यांसमोर असून चौऱ्याहत्तर वर्षे कोणी वाचले नाही. आम्ही मुलांना सांगत होतो की नंतर फोटो उलटा करून घेऊ. पण सहावीतली ती मुलगी म्हणाली, “पाठ करून लिहिते ना.” तिने कॅमेऱ्याकडे पाठ केली, बॅटरीचे तोंड मागे वळवले आणि दोरीखाली, डोक्याच्या वर, नाव लिहिले. अंगाचा आडोसा आला नाही आणि नाव सुलट उमटले. तिचे डोके आमच्यापेक्षा चांगले चालले, हे आम्ही तिथेच कबूल केले.

सगळी मुले पडद्याभोवती जमली. काळ्या माळावर तिचे नाव लखलखत होते. ती बराच वेळ पाहत राहिली. मग तिने विचारले, “सर, यात मी कुठे आहे?”

आम्ही तिला वर लिहिला आहे तोच नियम समजावून सांगितला. तू हलत होतीस, तुझ्यावर उजेड नव्हता, म्हणून तू आली नाहीस. तिने मान डोलावली. पण आमचेच समाधान झाले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, तिच्या आईशी बोलताना कळले की हे कुटुंब आठ दिवसांपूर्वीच भट्टीवरून परतले होते. दिवाळीपासून मुलगीही तिकडेच होती. धाकट्या भावाला सांभाळायची आणि विटा उलट्या करायची. शाळेच्या पटावर त्या सगळ्या महिन्यांत तिच्या नावापुढे खाडे पडले होते. आमचा जन्म रजिस्टरे भरण्यात गेला. मस्टरवर जो सहीच्या जागी बसतो तो हजर, जो कामासाठी दुसरीकडे गेला तो गैरहजर, हा आमच्या टेबलाचाही नियम आहे. त्या सकाळी प्रथमच कळले की कॅमेरा आणि हजेरीपट दोघेही एकच चूक करतात. ही मुलगी कुठे नाहीशी झाली नव्हती. ती चालत होती, राबत होती, म्हणून दोघांच्याही कागदावर तिची जागा कोरी राहिली.

दहापर्यंत आकडे

मग दुसऱ्या रात्री आम्ही रीत बदलली. ही रीतही आमच्या डोक्यातली नव्हे. १९४९ साली ग्योन मिली हा छायाचित्रकार चित्रकार पिकासोला भेटायला फ्रान्समधल्या व्हालोरी गावी गेला. बर्फावर घसरत नाचणाऱ्या खेळाडूंच्या बुटांना दिवे बांधून काढलेले फोटो त्याने दाखवले. पिकासोने लगेच अंधाऱ्या खोलीत छोटा विजेचा दिवा घेऊन हवेत चित्रे काढली. अर्धा माणूस आणि अर्धा घोडा असे त्यातले एक चित्र जगभर गाजले. त्या फोटोत उजेडाची रेघ आहे आणि तिच्यामागे पिकासोही स्पष्ट दिसतो. कारण मिलीने शटर उघडे असतानाच क्षणभर फ्लॅश उडवला. म्हणजे चित्र काढणारा दिसावा असे फोटो काढणाऱ्याने मनात आणले, तर तो दिसतो. यंत्राचा नियम मोडावा लागत नाही; त्यात एक क्षण माणसासाठी राखून ठेवावा लागतो.

आम्ही तेच केले. मुलीने नाव लिहिले, बॅटरी विझवली, मागे वळली आणि आपल्या नावाखाली न हलता उभी राहिली. मैत्रिणीने बाजूने दुसऱ्या बॅटरीचा उजेड तिच्या तोंडावरून दोन-तीन सेकंद फिरवला. सगळ्यांनी दहापर्यंत आकडे मोजले. शटर मिटले. पडद्यावर वर नाव आणि खाली ती, दोन्ही होते. त्यानंतर प्रत्येक मुलासाठी दहा आकडे मोजले गेले.

शेवटी तिची आजी पुढे आली. तिला अक्षर येत नव्हते. तिने बॅटरी घेतली, एक त्रिकोण काढला, त्याच्या टोकाला टोक लावून दुसरा उलटा त्रिकोण काढला, वर छोटा गोळा काढला. वारली भिंतीवरचे बाईमाणूस तयार झाले. मग त्याच्या शेजारी कमरेवर हात ठेवून ती स्वतः उभी राहिली. आम्ही दहा मोजून थांबलो, ती थांबली नाही. “अजून उभी राहते,” म्हणाली.

परतताना जव्हारला आम्ही सगळ्या फोटोंच्या प्रती काढल्या आणि मित्राच्या हाती पाड्यावर पाठवल्या. फोटो आपल्याकडे आणि माणूस तिकडे, असे व्हायला नको. आणखी एक काम झाले. कामासाठी गाव सोडणाऱ्या कुटुंबातल्या मुलाला शाळेकडून शिक्षण हमी पत्रक मिळते; ते दाखवले की कामाच्या ठिकाणाजवळच्या शाळेत बसता येते. हे त्या आईबापांना ठाऊक नव्हते. मुलगी मागे पडू नये म्हणून पुढच्या दिवाळीत निघताना बापाने शाळेत जाऊन ते पत्रक मागून घेतले. नव्वदच्या दशकात विधायक संसदेने भट्ट्यांवरच्या मुलांसाठी भोंगाशाळा चालवल्या, त्यामागेही हाच विचार होता. मूल शाळेपर्यंत येऊ शकत नसेल तर शाळेने त्याच्यापर्यंत जावे. कच्च्या विटा रचून केलेली भट्टीवरची खोपटी म्हणजे भोंगा. त्याच नावाने ती शाळा ओळखली गेली.

घरच्या घरी करून पाहा

हा छंद श्रीमंतांचा नाही. एक मोबाइल, एक बॅटरी आणि अंधार पुरे. मोबाइलच्या कॅमेऱ्यात ‘प्रो’ असा पर्याय असेल तर त्यात शटरची वेळ पंधरा ते तीस सेकंद ठेवा आणि आयएसओ शंभरवर आणा. असा पर्याय नसेल तर त्यासाठी वेगळे ॲप घेता येते. मोबाइल हातात धरू नका. दोन विटांच्या किंवा डब्यांच्या फटीत घट्ट बसवा. बटण दाबताना हलू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावा. जो चित्र काढणार त्याच्या जागी आधी बॅटरी पेटवून फोकस जुळवा आणि तो तसाच ठेवा. गडद कपडे घाला. बॅटरीचे तोंड कॅमेऱ्याकडे हवे. दोन अक्षरांच्या मध्ये ती तळहाताने झाका. रंगीत रेघ हवी असेल तर पतंगाचा कागद बांधा. गच्चीवर किंवा दिवा मालवलेल्या खोलीतही हे होते.

तीन गोष्टी करू नका. पेटती लोखंडी जाळी गरगर फिरवून ठिणग्यांचे फोटो काढतात, ते मुलांनी मुळीच करू नये. उन्हाळ्यातल्या वाळक्या गवतात एका ठिणगीने वणवा लागतो. लेसरचा दिवा कोणाच्या डोळ्यांवर किंवा कॅमेऱ्यावर धरू नये. आणि मेअखेरीस, पावसाच्या आधी, काजव्यांचे फोटो काढायला गेलात तर तिथे बॅटरी पेटवू नये. काजवे एकमेकांना उजेडाने खुणावतात आणि त्यावरच त्यांची जोडी जुळते. आपल्या दिव्याने त्या खुणा बुडतात. अकोले तालुक्यातल्या भंडारदरा, पुरुषवाडीच्या बाजूचे हजारो काजव्यांचे फोटो आपण पाहतो, त्यांतले बरेचसे अनेक फोटो एकावर एक रचून केलेले असतात. ती तासाभराची बेरीज असते. एका क्षणी डोळ्यांना तेवढे काजवे दिसतील, अशी अपेक्षा ठेवू नका.

आणि कोणाच्या घरावर रात्री उजेड टाकून फोटो काढण्याआधी त्या घराला विचारा. त्याच पाड्यावर आम्हाला सांगितले गेले की मागे कोणी पाहुणे गाडीतून आले, एका झोपडीवर बराच वेळ दिवे फिरवून फोटो काढले आणि निघून गेले. आत तान्हे मूल झोपले होते. झोपडीचा फोटो कुठेतरी असेल. आतल्या बाईला तो कोणी दाखवला नाही.

आता पुन्हा त्या वरातीच्या फोटोकडे. तो काही आता बदलता येत नाही. पण येत्या लग्नसराईत आपल्या घरी कार्य असेल तर एवढे करा. वरात निघण्याआधी फोटोवाल्याला पाच मिनिटे थांबवा. झुंबरे घेऊन आलेल्या बायाबापड्यांना झुंबरे खाली ठेवायला सांगा, चहा द्या, नावे विचारा. त्यांच्याच दिव्यांच्या उजेडात त्यांचा एक फोटो काढा, आणि त्याची प्रत त्यांच्या हातात पडेल असे पाहा. दहापर्यंत आकडे मोजायला कितीसा वेळ लागतो?